विलीनीकरणाच्या टेबलावर बसणाऱ्या कार कंपन्यांना खुलं पत्र

जगातल्या मोठ्या कार कंपन्यांच्या संचालक मंडळांना,

सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायचं कारण असं की पुढच्या काही वर्षांत तुमच्यापैकी कोणी ना कोणी परत मर्जरच्या बोलणीला बसणार हे आता उघड आहे. चीनच्या गाड्या स्वस्तात येतायत, अमेरिकेने टॅरिफ लावलेत, बॅटरी आणि सॉफ्टवेअरवर पैसा ओतायचा आहे आणि त्याच वेळी पेट्रोल-डिझेलच्या गाड्यापण चालू ठेवायच्या आहेत, एवढं सगळं एका कंपनीला झेपत नाही असं तुमचे सीईओ दर तिमाहीला सांगतात. ते खोटं बोलतायत असं मी म्हणत नाहीये. माझं म्हणणं वेगळंच आहे. मर्जर जाहीर करताना तुम्ही सिनर्जीचा एक मोठा आकडा सांगता, इतके अब्ज वाचतील म्हणून, आणि बाकी ज्या गोष्टींवर हजारो कामगारांचं आणि लाखो गाडीमालकांचं पुढचं सगळं ठरणार असतं त्यावर गुळमुळीत वाक्यं लिहून मोकळे होता. हे बंद करा, एवढंच सांगायला हे पत्र आहे.

मी कुठल्या कंपनीचा शेअरहोल्डर नाही, कुठे नोकरीला नाही. गाडी वापरतो आणि या धंद्याच्या बातम्या मनापासून वाचतो, बस.

ताजं उदाहरण होंडा आणि निसानचंच घ्या. 23 डिसेंबर 2024 ला दोघांनी जाहीर केलं की एक होल्डिंग कंपनी काढायची, म्हणजे दोघांच्या वर एक मालक कंपनी, ऑगस्ट 2026 पर्यंत सगळं पूर्ण करायचं, एकत्रित विक्री 30 लाख कोटी येनच्या वर आणि ऑपरेटिंग नफा 3 लाख कोटी येनच्या वर न्यायचा. आकडे एकदम भारी. आणि 13 फेब्रुवारी 2025 ला, म्हणजे दोन महिने पण झाले नव्हते, सगळं संपलं. का संपलं तर होंडाने मध्येच सांगितलं की होल्डिंग कंपनी वगैरे राहू द्या, निसानला आमची उपकंपनी करू, आणि निसानला ते मान्य झालं नाही. आता होंडाचं बाजारमूल्य निसानच्या कितीतरी पट होतं हे बोलणी सुरू व्हायच्या आधीपासून सगळ्या जगाला दिसत होतं. मग मालक कोण होणार हा प्रश्न पहिल्या दिवशी का सोडवला नाही? 30 लाख कोटीचा आकडा तयार होता पण शेवटचा निर्णय कोणाचा हे ठरलेलं नव्हतं! मधल्या काळात निसानच्या कामगारांनी, डीलरनी, सप्लायरनी काय समजायचं होतं? त्यानंतर मे 2025 मध्ये निसानने 20,000 लोक कमी करायचं आणि 17 प्लांटचे 10 करायचं जाहीर केलं, वर्षाचा तोटा सुमारे 67 हजार कोटी येन, आणि पुढे ओप्पामाचा जुना प्लांटपण बंद होणार हे कळलं. मर्जर झालं असतं तर हे टळलं असतं का, हे छातीठोक कोणीच सांगू शकत नाही, पण जे दोन महिने आजारावर घालवायचे ते कोण कोणाच्या वर बसणार यावर गेले हे तर खरंच आहे.

आणि निसानचा आजार आकाराचा नव्हताच, हे मला तुमच्यासमोर ठासून मांडायचं आहे. रेनो-निसान-मित्सुबिशी अलायन्सने 2017 मध्ये 1 कोटीच्या वर गाड्या विकल्या, आम्ही जगात एक नंबर म्हणून सांगितलं. यापेक्षा मोठं अजून किती व्हायचं? त्याच निसानने 2010 मध्ये लीफ आणली होती, सगळ्यांच्या आधी सामान्य माणसाला परवडेल अशी इलेक्ट्रिक गाडी, म्हणजे डोकं होतं, अनुभव होता, माणसं होती. पण 2024 मध्ये अमेरिकेत लोक हायब्रिड मागत होते, टोयोटा आणि होंडा धडाधड विकत होते, आणि निसानकडे तिथे दाखवायला एकही हायब्रिड नव्हती. शोरूममध्ये गिऱ्हाईक आलंय आणि त्याला हवी ती गाडीच नाही. यावर मर्जर काय करणार? फार तर दुसऱ्याची हायब्रिड सिस्टीम मिळाली असती, पण ती विकत पण घेता येते की, त्यासाठी सगळी कंपनी कशाला द्यायला पाहिजे.

थोडं मागे जाऊ, कारण मला वाटतं तुमच्या बोर्डरूममध्ये जुन्या फायली कोणी उघडत नाही. 1998 मध्ये डेमलर-बेंझ आणि क्रायस्लर एकत्र आले, सुमारे 36 अब्ज डॉलरचा व्यवहार, आणि जाहीर काय केलं तर हे बरोबरीचं विलीनीकरण आहे. दोन चेअरमन, दोन मुख्य कार्यालयं, एक जर्मनीत एक अमेरिकेत. दोनच वर्षांनी डेमलरचे प्रमुख युर्गेन श्रेम्प साहेबांनी एका वर्तमानपत्राला सांगून टाकलं की क्रायस्लरला एक विभाग म्हणूनच ठेवायचं हे आधीपासून डोक्यात होतं. म्हणजे कामगारांना, शेअरहोल्डरना, सगळ्यांना एक सांगितलं आणि मनात दुसरं. त्यावरून कोर्टकचेऱ्यापण झाल्या. 2001 च्या सुरुवातीला क्रायस्लरमध्ये 26,000 लोक कमी करायची घोषणा झाली. मर्सिडीजच्या इंजिनिअरना आपले चांगले पार्ट क्रायस्लरला द्यायचे नव्हते कारण ब्रँडची किंमत उतरेल अशी भीती, आणि पार्ट शेअर नाही केले तर मग एकत्र येऊन वाचणार काय होतं? शेवटी 2007 मध्ये क्रायस्लरचा 80 टक्के हिस्सा सर्बेरस या गुंतवणूक कंपनीला 7.4 अब्ज डॉलरच्या व्यवहारात देऊन टाकला आणि 2009 मध्ये क्रायस्लर दिवाळखोरीत गेली. 1998 ला हीच कंपनी चांगल्या नफ्यात होती हो! आज क्रायस्लर या नावाखाली जवळजवळ फक्त मिनीव्हॅन उरलीये. एकेकाळी अमेरिकेतल्या तीन मोठ्यांपैकी एक असलेल्या नावाची ही अवस्था बघून खरंच वाईट वाटतं.

बीएमडब्ल्यूने 1994 मध्ये रोव्हर घेतली 80 कोटी पौंडाला, आणि 2000 मध्ये 10 पौंडाला दिली. दहा. मिनी स्वतःकडे ठेवली, लँड रोव्हर फोर्डला विकली, आणि उरलेला रोव्हरचा लाँगब्रिजचा कारखाना ज्यांच्या हातात गेला त्यांना तो पेलला नाही, 2005 च्या एप्रिलमध्ये एमजी रोव्हर बुडाली आणि हजारो लोक एका झटक्यात घरी बसले. जीएम आणि फियाटचं तर मला अजून नवल वाटतं. 2000 मध्ये जीएमने फियाट ऑटोचा 20 टक्के हिस्सा घेतला आणि करारात एक कलम होतं की पुढे फियाटला वाटलं तर उरलेली कंपनी जीएमच्या गळ्यात घालता येईल. पुढे फियाटची हालत अशी झाली की जीएमला ती नकोच होती, तर 2005 मध्ये ते कलम रद्द करून घ्यायला जीएमने सुमारे 2 अब्ज डॉलर मोजले. कंपनी विकत घ्यायला नाही, विकत घ्यावी लागू नये म्हणून! त्या पैशात किती नवीन मॉडेल डिझाईन झाली असती याचा हिशोब तुम्हीच करा, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला जमतो.

फोक्सवॅगन-सुझुकी पण तसंच. 2009 च्या डिसेंबरमध्ये 19.9 टक्के हिस्सा घेतला, सुझुकीला वाटत होतं आपण समान भागीदार, आणि पुढे फोक्सवॅगनच्या अहवालात सुझुकीची नोंद अशी आली की तिच्या निर्णयांवर आपला मोठा प्रभाव पडू शकतो. ते सुझुकीला झोंबलं. मग सुझुकीने डिझेल इंजिन फियाटकडून घेतलं तर फोक्सवॅगनला ते झोंबलं. भांडण लवादात गेलं आणि 2015 मध्ये निकाल लागून सुझुकीने शेअर परत विकत घेतले. एवढी वर्षं गेली आणि दोघांची मिळून एकपण गाडी रस्त्यावर आली नाही.

आता तुम्ही म्हणाल की हा माणूस फक्त फसलेली उदाहरणं वेचून काढतोय. तसं नाही, जमलेलीपण आहेत आणि त्यातून शिकण्यासारखं जास्त आहे.

किया 1997 मध्ये बुडाली होती, आशियातलं आर्थिक संकट चालू होतं, 1998 मध्ये ह्युंदाईने घेतली. तिथे बरोबरीची भाषा नव्हती. घेणारी ह्युंदाई, वाचवली जाणारी किया, सगळ्यांना माहीत. खालचा प्लॅटफॉर्म म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स एकत्र, पण वरचा चेहरा वेगळा आणि बाजारात दोघं एकमेकांशी खरोखर स्पर्धा करतात. 2006 मध्ये कियाने पीटर श्रायर यांना ऑडी-फोक्सवॅगनच्या गोतावळ्यातून आणून डिझाईनचं काम दिलं आणि काही वर्षांत कियाकडे बघायची लोकांची नजर बदलली. आज ह्युंदाईची आयोनिक 5 आणि कियाची ईव्ही6 एकाच प्लॅटफॉर्मवर बनतात, रस्त्यावर बघून कोणाला सांगता येईल? हा ग्रुप आता विक्रीत टोयोटा आणि फोक्सवॅगनच्या मागे जगात तिसरा आहे.

चीनची गिली आणि स्वीडनची व्हॉल्वो हे दुसरं. फोर्डने 1999 मध्ये व्हॉल्वो सुमारे 6.45 अब्ज डॉलरला घेतली होती, 2010 मध्ये गिलीला 1.8 अब्जाच्या व्यवहारात दिली. तेव्हा किती लोक म्हणाले होते की आता व्हॉल्वो संपली, चीनला सगळं उचलून नेतील. गिलीचे मालक ली शुफू यांनी काय केलं तर मुख्यालय गोथेनबर्गलाच ठेवलं, इंजिनिअर तिथलेच ठेवले, पैसा दिला आणि नवीन एक्ससी90 येईपर्यंत धीर धरला. मग हळूहळू प्लॅटफॉर्म शेअर करायला सुरुवात केली. धीर धरला हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण नवीन गाडी बनायला तीन-चार वर्षं लागतात आणि मर्जरनंतर तुमच्या शेअर बाजाराला तीन-चार तिमाहीत निकाल पाहिजे असतो. बरीचशी मर्जर याच फटीत पडून मरतात असं माझं प्रामाणिक मत आहे.

पीएसए, म्हणजे पूजो-सिट्रोएनवाली फ्रेंच कंपनी, तिने 2017 मध्ये जीएमकडून ओपेल-व्हॉक्सहॉल घेतली तेव्हा पुढची कोर्सा जीएमच्या प्लॅटफॉर्मवर जवळपास होत आली होती. ती बाजूला टाकून पीएसएच्या प्लॅटफॉर्मवर नव्याने केली आणि 2019 मध्ये आणली. निर्णय कडक होता पण पहिल्याच दिवसापासून स्पष्ट होता, आणि कितीतरी वर्षं तोट्यात असलेली ओपेल 2018 मध्ये नफ्यात आली. त्याची किंमत ओपेलच्या रुसेल्सहाईममधल्या इंजिनिअरनी मोजली हेपण विसरता येत नाही, तिथल्या डेव्हलपमेंट सेंटरचा एक भाग पुढे दुसऱ्या कंपनीला विकला गेला. तरी निदान कोण काय करतंय हे दिसत तरी होतं.

आणि त्याच लोकांनी पुढे फियाट क्रायस्लरबरोबर मिळून स्टेलांटिस केली. इथे मला जास्त बोलायचंय.

दिवाळखोरीनंतर क्रायस्लर फियाटकडे गेली होती, त्या फियाट क्रायस्लरने 2019 मध्ये आधी रेनोला विचारलं होतं. मे महिन्यात प्रस्ताव आला, फ्रेंच सरकारने वेळ मागितला, निसान काठावर बसून राहिली आणि दहा-बारा दिवसांत प्रस्ताव मागे. मग वर्षअखेरीला पीएसएशी जमलं. त्या वेळच्या जाहीरनाम्यात लिहिलं होतं की वर्षाला 3.7 अब्ज युरोची सिनर्जी मिळेल आणि या व्यवहारामुळे एकही प्लांट बंद होणार नाही. नंतर सिनर्जीचा आकडा वाढवून 5 अब्ज केला. युरोपियन कमिशनने छोट्या व्हॅनच्या बाजारापुरती अट घालून परवानगी दिली आणि 16 जानेवारी 2021 ला 14 ब्रँडची कंपनी उभी राहिली. सिनर्जी ठरलेल्या वेळेच्या आधीच मिळाली, 2023 चा निव्वळ नफा 18.6 अब्ज युरो, सगळीकडे कौतुक. आणि 2024 चा नफा 5.5 अब्ज. एका वर्षात 70 टक्के खाली. डिसेंबर 2024 च्या पहिल्याच दिवशी सीईओ कार्लोस टाव्हारेस यांनी राजीनामा दिला. 2025 च्या पहिल्या सहामाहीत तर 2.3 अब्ज युरोचा तोटा.

काय झालं मधल्या काळात? अमेरिकेत जीप आणि रॅमच्या किमती चढवत नेल्या, गाड्या डीलरच्या आवारात साचत गेल्या, नवीन मॉडेल वेळेवर आली नाहीत, आणि सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या डीलरच्या प्रतिनिधींनीच सीईओला खुलं पत्र लिहून सांगितलं की अल्पकालीन नफ्यासाठी घेतलेल्या निर्णयांमुळे ब्रँडची वाट लागतेय. आणि प्लांट? इलिनॉयमधला बेल्विडेअरचा प्लांट 2023 च्या सुरुवातीला बंद ठेवला, मग युनियनने संप करून तो परत चालू करायचं आश्वासन घेतलं. इंग्लंडमधला ल्यूटनचा व्हॅन प्लांट मार्च 2025 मध्ये बंद झाला, एकशे वीस वर्षांचा इतिहास होता तिथे. आता कागदावर बघायला गेलं तर 'या व्यवहारामुळे' प्लांट बंद झाला नाही, तो इलेक्ट्रिकच्या नियमांमुळे झाला, खर्चामुळे झाला, अजून कशामुळे झाला. वाक्य खरं राहिलं आणि माणसं घरी बसली. असली वाक्यं लिहू नका अशी माझी हात जोडून विनंती आहे. ल्यूटनच्या लाईनवरच्या माणसाला 'व्यवहारामुळे' आणि 'व्यवहारानंतर' यातला फरक घेऊन काय करायचंय?

बरं, मोठं झालं की नवीन तंत्रज्ञान परवडतं, हा जो तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा असतो त्याबद्दल. फियाट क्रायस्लरचे तेव्हाचे सीईओ सर्जिओ मार्किओने यांनी 2015 मध्ये हाच मुद्दा खूप पोटतिडकीने मांडला होता की सगळ्या कंपन्या तेच तेच इंजिन, तेच तेच गिअरबॉक्स वेगवेगळे बनवून पैसा जाळतायत आणि गिऱ्हाईकाला त्यातला फरक कळत पण नाही. त्यांनी जीएमला विचारलं, जीएमने नाही म्हटलं. मला त्यांचं निदान आजही बरोबर वाटतं. एकाच कामावर दहा ठिकाणी पैसा जातो हे खरंच आहे. पण त्यावर इलाज म्हणून आख्ख्या कंपन्या एकत्र करायच्या हे मला पटत नाही, आणि पटत नाही याचं कारण फोक्सवॅगन.

फोक्सवॅगनपेक्षा मोठा आकार कोणाकडे होता? वर्षाला 90 लाखांच्या आसपास गाड्या, दहाच्या वर ब्रँड, पैशाला कमी नाही. सॉफ्टवेअरसाठी 2020 मध्ये कॅरिअ‍ॅड नावाची वेगळी कंपनी काढली, हजारो इंजिनिअर घेतले. झालं काय तर पोर्शे आणि ऑडीच्या नवीन इलेक्ट्रिक गाड्या सॉफ्टवेअरसाठी अडकून राहिल्या. प्रत्येक ब्रँडला आपलं वेगळं पाहिजे, जुने सप्लायर, जुने करार, प्रत्येक निर्णयाला दहा सह्या. शेवटी 2023 मध्ये चीनसाठी शाओपेंग या तिथल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीचा 5 टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला 70 कोटी डॉलरला, आणि 2024 मध्ये रिव्हियनबरोबर 5.8 अब्ज डॉलरपर्यंतचा करार केला. रिव्हियन म्हणजे अमेरिकेतली इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी, फोक्सवॅगनच्या तुलनेत अगदीच चिमुकली, सतत तोट्यात. पण तिच्याकडे गाडीचा सगळा इलेक्ट्रॉनिक सांगाडा कोऱ्या कागदावरून बनवलेला होता. म्हणजे सॉफ्टवेअर मोठ्याला जमलं नाही, छोट्याला जमलं. आणि तिकडे त्याच डिसेंबर 2024 मध्ये युनियनशी करार झाला की 2030 पर्यंत जर्मनीत 35,000 जागा कमी होणार.

ज्यांना तुम्ही घाबरताय ते तरी मर्जर करून मोठे झाले का? चीनची बीवायडी 1995 मध्ये शेन्झेनला बॅटऱ्या बनवायला सुरू झाली, 2003 मध्ये एक लहानशी कार कंपनी घेतली, आणि मग बॅटरी, मोटर, चिप सगळं हळूहळू घरात आणलं. मार्च 2022 मध्ये नुसत्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या बनवणं बंद केलं. 2024 मध्ये 42 लाखांच्या वर गाड्या विकल्या. शाओमी तर फोन बनवणारी कंपनी, मार्च 2024 मध्ये पहिली गाडी आणली आणि त्याच वर्षात एक लाखाच्या वर लोकांच्या हातात दिल्या. यांचा जोर आहे वेगावर आणि बॅटरीच्या खर्चावर, नवीन गाडी दोन वर्षांच्या आसपास तयार. मर्जरने तुमचा वेग वाढतो की कमी होतो? पहिली दोन-तीन वर्षं तर कोणाचा कॉम्प्युटर सिस्टीम ठेवायचा, कोणाचा खरेदी विभाग ठेवायचा, कोणाचा डायरेक्टर घरी पाठवायचा यातच जातात. शर्यत ऐन रंगात असताना तुम्ही दोन वर्षं थांबून घेताय.

चीनमध्ये सगळं गोड चाललंय असंही नाही. तिथे इतके ब्रँड आणि इतकी किमतीची मारामारी आहे की सरकारलाच सांगावं लागलं आवरा म्हणून, सप्लायरचे पैसे महिनोन्महिने थकत होते, जून 2025 मध्ये मोठ्या कंपन्यांना 60 दिवसांत पैसे देऊ असं जाहीर करावं लागलं. तिथेपण एकत्रीकरण होणार. डाँगफेंग आणि चांगआन या दोन सरकारी कंपन्यांची जुळवाजुळव 2025 मध्ये चालली होती, पण काही महिन्यांत तीपण बारगळली आणि चांगआनला वेगळंच ठेवलं. सरकार मालक असून जमलं नाही, मग दोन देशांच्या, दोन युनियनच्या, दोन खानदानांच्या कंपन्यांना किती जड जाईल बघा.

मग करायचं काय? माझ्या मते ज्याची कमतरता आहे तेवढंच शेअर करा. टोयोटाने सुबारूचा 20 टक्के हिस्सा घेतला, माझदा आणि सुझुकीचा 5-5 टक्क्यांच्या आसपास, आणि कोणालाही गिळलं नाही. सुप्रा ही स्पोर्ट्स कार बीएमडब्ल्यूबरोबर मिळून केली. फोर्डने युरोपसाठी फोक्सवॅगनचा इलेक्ट्रिक प्लॅटफॉर्म घेतला आणि फोक्सवॅगनने आपला अमारोक पिकअप फोर्डच्या रेंजरवर बनवला. जीएम आणि ह्युंदाईने 2025 मध्ये पाच गाड्या मिळून करायचं ठरवलं. रेनो आणि गिलीने पेट्रोल-हायब्रिड इंजिनांसाठी हॉर्स नावाची वेगळीच कंपनी काढली, हा तर मार्किओने यांच्या प्रश्नाला मला सगळ्यात शहाणा वाटलेला जबाब आहे, कारण इंजिन हीच ती गोष्ट जिच्यावर इथून पुढे कोणालाच एकट्याने पैसा लावायचा नाहीये. फसलं तर एक प्रोजेक्ट फसतो, आख्खी कंपनी नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा न्यूमी प्लांट जीएम आणि टोयोटाने 1984 पासून मिळून चालवला, 2010 मध्ये संपवला, पण तेवढ्या काळात एकाच इमारतीत दोघांना एकमेकांकडून शिकता आलं, मालकी कोणाची हा वाद न घालता.

तरीसुद्धा काही वेळा मर्जर करावंच लागेल, एखादी कंपनी बुडत असेल तर विकली गेलेली बरी, कियासारखी. तेव्हा माझ्या मागण्या आहेत आणि त्या मी कामगार आणि गाडीमालक दोघांच्या बाजूने करतोय.

मालक कोण हे पहिल्या दिवशी लिहा. बरोबरी हा शब्द वापरायचा असेल तर शेवटची सही कोणाची ते त्याच्या खालच्या ओळीत लिहा. सिनर्जीचा आकडा देताना त्यातला किती खरेदीतून, किती प्लॅटफॉर्म कमी करून आणि किती माणसं कमी करून येणार ते फोडून द्या, कारण तुमच्या स्प्रेडशीटमध्ये ती फोड असतेच, ती नसेल तर आकडा आला कुठून? प्रत्येक प्लांटला पुढची कुठली गाडी आणि कुठल्या सालापर्यंत हे नावानिशी द्या. प्लांट बंद होत नाही म्हणण्याला काही अर्थ नाही जर त्याला पुढचं मॉडेलच दिलं नसेल, लाईनवरच्या माणसाला हे तुमच्या आधी कळतं.

आणि गाडीमालकांचं. याबद्दल तर कोणी बोलतच नाही. स्वीडनची साब 2011 च्या डिसेंबरमध्ये बुडाली तेव्हा जीएमच्या हातून ती स्पायकर या छोट्या डच कंपनीकडे गेलेली होती, ट्रॉलहॅटनचा प्लांट थांबला. पण सुटे भाग पुरवणारी कंपनी वेगळी होती, ती स्वीडिश सरकारच्या ताब्यात आली, पुढे ओरिओ नावाने चालू राहिली, म्हणून आजपण साबवाल्यांना पार्ट मिळतात. कंपनी मेली आणि गाड्या जगल्या. हे नशिबाने झालं, एका कर्जाच्या तारणामुळे. उलट इलेक्ट्रिक गाड्यांची अमेरिकन कंपनी फिस्कर बघा, जून 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिच्या ओशन गाडीच्या हजारो मालकांना पार्ट तर सोडाच, गाडीचा सर्व्हर चालू राहील का, अपडेट कोण देणार, इथून सुरुवात. मालकांनी स्वतःच संघटना करून धडपड केली. इथून पुढे प्रत्येक गाडी सर्व्हरवर लटकलेली असणार आहे, आणि तुम्ही मर्जर करून चार ब्रँडचे दोन कराल तेव्हा बंद पडलेल्या ब्रँडचं सॉफ्टवेअर कोण सांभाळणार? पार्ट किती वर्षं? सिक्युरिटी अपडेट किती वर्षं? गाडी पंधरा वर्षं वापरायची म्हणून लोक कर्ज काढतात, तुमचा सीईओ पाचव्या वर्षी गेलेला असतो. तेव्हा करारातच एक रक्कम बाजूला काढा, वेगळ्या संस्थेकडे ठेवा, आणि विकणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनी सही करून लिहा की शेवटची गाडी विकल्यापासून निदान पंधरा वर्षं पार्ट आणि अपडेट मिळतील, मग ब्रँड राहो न राहो. बँकर आणि वकिलांच्या फीसाठी पैसे निघतात, यासाठीपण निघतील.

मर्जर तपासणाऱ्या स्पर्धा आयोगांनापण हे पत्र वाचायला मिळालं तर बरं होईल. स्टेलांटिसच्या वेळी तुम्ही छोट्या व्हॅनच्या बाजाराचा बारकाईने विचार केलात, चांगलंच केलंत. त्याच बारकाईने पार्टचा आणि सॉफ्टवेअरचापण विचार करा, कारण गाडी घेऊन झाल्यावर मालकाला दुसऱ्या कंपनीकडे जायचा पर्यायच नसतो.

मला तुमच्या गाड्या आवडतात, म्हणून एवढं लिहिलं. पुढच्या वेळी स्टेजवर दोन सीईओ हात मिळवून उभे राहतील तेव्हा हातात नुसता सिनर्जीचा आकडा नको, प्लांटची नावं, मॉडेलची नावं आणि पार्टची वर्षं असलेला कागदपण असू द्या.

कळावे,
गाडी चालवणारा एक जण